रिट्रीट हाऊसमध्ये राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मठाच्या किंवा धर्मसंघाच्या रिट्रीट हाऊसमध्ये पहिल्यांदा मुक्काम करणारे बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात, आणि त्यातले निम्मे आधी दोनदा "विचारू की नको" करून मग विचारलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. घराघरांत नियम बदलतात. इथलं उत्तर आणि तिथल्या ब्रदर-सिस्टरांनी दिलेलं उत्तर जुळलं नाही, तर त्यांचं खरं धरा.

१. रिट्रीट हाऊस म्हणजे नेमकं काय? हॉटेल, धर्मशाळा की आणखी काही?

रिट्रीट म्हणजे रोजच्या धबडग्यातून बाजूला होऊन प्रार्थनेत आणि शांततेत काढलेले काही दिवस. रिट्रीट हाऊस म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती ब्रदर, सिस्टर किंवा फादरांनी त्यासाठी पाहुण्यांना उघडं ठेवलेलं घर. कुठे ते मठाच्या आवारातच असतं, कुठे थोडं बाजूला. हॉटेल पाहुण्यांसाठी चालतं. हे घर मात्र पाहुणे आले नाहीत तरी चालूच असतं. घंटा वाजते, प्रार्थना होते, जेवण होतं, काम होतं. त्या चालू दिवसात तुम्ही जाऊन बसता. खाली दिलेली बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

ही रीत बरीच जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५३व्या प्रकरणात म्हटलं आहे, की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करावं. त्याच प्रकरणात पाहुण्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर ठेवायला सांगितलं आहे, कारण पाहुणे अवेळी येतात, मठात त्यांचा कधी तोटा नसतो आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचा दिवस विस्कटू नये. आदर आणि व्यवहार, दोन्ही एकाच पानावर. चांगल्या रिट्रीट हाऊसमध्ये आजही दोन्ही दिसतात.

२. मी ख्रिस्ती नाही. मला राहू देतील का? आणि धर्म बदला म्हणून मागे लागतील का?

बहुतेक ठिकाणी राहू देतात. नोंदणीच्या अर्जात धर्म किंवा चर्च विचारलेलं असतं, ते मार्गदर्शक कोण द्यायचा आणि कम्युनियनच्या वेळी, म्हणजे मिस्सा या उपासनेत पवित्र केलेली भाकरी देतात तेव्हा, काय सांगायचं (प्रश्न १२ पाहा) हे ठरवण्यासाठी. खरं असेल ते लिहा.

मागे लागण्याबद्दल: कॅथलिक चर्चच्या कायद्यातच, कलम ७४८ मध्ये, कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणं कधीही योग्य नाही असं लिहिलेलं आहे. व्यवहारातही पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टरांना चादरी, जेवणाची संख्या आणि नळाची गळती यांतून इतका वेळ क्वचितच मिळतो. पण घर ख्रिस्ती आहे हे मनाशी पक्कं करूनच जा. खोलीत क्रूस असेल, टेबलावर बायबल असेल, भिंतीपलीकडून स्तोत्रं ऐकू येतील. क्रूस काढून कपाटात ठेवावासा वाटत असेल, तर निराळी जागा शोधलेली बरी.

३. अर्जात तीन-चार प्रकारचे रिट्रीट दिले आहेत. मी कोणता निवडू?

स्वतंत्र मुक्कामात खोली मिळते, जेवण मिळतं, प्रार्थनेच्या वेळा कळतात. बाकी दिवस तुमचा. प्रवचनांच्या रिट्रीटमध्ये गट असतो, रोज एक-दोन प्रवचनं होतात आणि श्रद्धा गृहीत धरलेली असते. वैयक्तिक मार्गदर्शनाच्या रिट्रीटमध्ये दिवसभर मौन असतं आणि रोज एकदा मार्गदर्शकाशी अर्धा-पाऊण तास बोलणं होतं.

या तिसऱ्या प्रकाराचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना. तिच्या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची असते आणि तिचे चार 'आठवडे' असतात. पण हे आठवडे सात दिवसांचे नाहीत, साधनेचे टप्पे आहेत. कोणाचा पहिला टप्पा लवकर उरकतो, कोणाचा लांबतो. हल्ली आठ दिवसांची आवृत्ती जास्त चालते. ज्यांना कामधंदा सोडून येणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी इग्नेशियस यांनी पुस्तिकेच्या १९व्या सूचनेत सोय केली आहे: घरीच राहायचं, रोज दीड तास काढायचा.

पहिल्याच खेपेला ३० दिवस मागणारे असतात. बहुतेक मार्गदर्शक नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे. आधी दोन-तीन रात्रींचा स्वतंत्र मुक्काम करून पाहा.

४. नोंदणी कशी करायची? न कळवता गेलं तर चालेल का?

आधी लिहा. तारखा, किती जण, पहिलीच वेळ आहे का, जिना चढता येतो का, जेवणाचं पथ्य आणि मार्गदर्शक हवा की नको, एवढं पुरतं. कशासाठी यायचं आहे याला "शांतता हवी आहे" हे पूर्ण उत्तर आहे. आयुष्याची कहाणी पहिल्या पत्रात नको; ती वाचणारी व्यक्ती कदाचित कार्यालयातली मदतनीस असेल. उत्तर यायला वेळ लागतो, कारण पत्र वाचणारे ब्रदरच घंटा वाजवत असतात आणि बागेलाही पाणी घालत असतात.

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, जागा लवकर भरते. आणखी एक गर्दी बाहेरच्यांना कळत नाही. कॅथलिक धर्मसंघांच्या सदस्यांना वर्षातून एकदा रिट्रीट करणं चर्चच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि धर्मगुरूंनाही तशी वेळ काढावी लागते. त्यामुळे अख्खं घर आठ-आठ दिवस एकाच गटाला दिलेलं असतं. "खोली नाही" हे उत्तर आलं, की लगेच आपल्यात काही खोट काढू नका. दुसऱ्या तारखा विचारा.

न कळवता गेलात तर दार उघडेल, खोलीची खात्री नाही. वाटसरूंसाठीच बांधलेली घरं निराळी. आल्प्समध्ये २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देणारं घर आहे आणि ते आजही चालू आहे. तुमच्या माहितीतलं रिट्रीट हाऊस बहुधा त्या जातीचं नसेल.

५. किती दिवस राहता येतं?

एका रात्रीपासून साधारण आठवड्यापर्यंत. काही ठिकाणी मुक्काम ठरलेल्या वारांनाच सुरू होतो आणि संपतो. फ्रान्समधल्या तेझे इथे, १९४० मध्ये सुरू झालेल्या ब्रदरांच्या संघाकडे, तरुणांचे मेळावे रविवार ते रविवार असतात.

पाहुण्याने किती राहावं हा वाद ख्रिस्ती मंडळींत पहिल्यापासून आहे. 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या काळातल्या पुस्तिकेत वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवावं, कायमचं राहायचं म्हणाला तर त्याने काम करून खावं असं सांगितलं आहे. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या नित्रिया इथल्या संन्याशांचं अतिथिगृह जास्त उदार होतं. त्या संन्याशांमध्ये राहून आलेला लेखक पलादियस लिहितो, की पाहुणा दोन-तीन वर्षं राहिला तरी चाले. पहिला आठवडा त्याला मोकळा ठेवत, मग बागेत, भट्टीत किंवा स्वयंपाकघरात कामाला लावत. मोठा माणूस असला तर हातात पुस्तक देत.

आजही लांबच्या मुक्कामाची गोष्ट इथेच येऊन थांबते. महिनाभर राहायचं असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि अर्धा दिवस कामात हातभार लावावा लागतो. प्रबंध लिहायला स्वस्त आणि शांत खोली म्हणून जायचं असेल, तर तसं स्पष्ट सांगा. काही घरं चक्क हो म्हणतात.

६. पैसे किती द्यायचे? विचारलं तर "यथाशक्ती" म्हणतात, त्याने गोंधळ होतो.

होतो खरा. काही घरांचे दर ठरलेले असतात, काही एक सुचवलेला आकडा सांगतात आणि काही पाकीट ठेवून मोकळी होतात. तिसऱ्या प्रकारात सरळ विचारा: "एका माणसाचा एका दिवसाचा तुम्हाला खर्च किती येतो?" या प्रश्नाला बहुधा आकडा मिळतो. परवडत असेल तर त्याहून थोडं जास्त द्या, कारण ते जास्तीचे पैसे ज्याला परवडत नाही त्याच्या खोलीसाठी जातात. तुम्हालाच परवडत नसेल तर नोंदणी करतानाच तसं लिहा. निघायच्या दिवशी पाकीट हातात धरून घुटमळण्यापेक्षा ते सोपं जातं. मार्गदर्शकाचं मानधन कधी वेगळं असतं, तेही आधीच विचारून घ्या.

७. खोली कशी असते? काय न्यायचं?

पलंग, टेबल, खुर्ची, दिवा, कपडे अडकवायला खुंट्या. न्हाणीघर कधी सामायिक असतं. टीव्ही नसतो. टॉवेल-चादरी मिळतात का हे विचारून घ्या. गजराचं साधं घड्याळ, आवाज न करणाऱ्या चपला, चॅपलमध्ये (घरातल्या प्रार्थनागृहात) अंगावर घ्यायला काहीतरी आणि वही एवढं न्या. पुस्तकं एक-दोनच. सोबत आठ पुस्तकं आणणारा माणूस मौनापासून लपायची तयारी करूनच आलेला असतो.

८. सगळ्या प्रार्थनांना जावंच लागतं का?

स्वतंत्र मुक्कामात नाही. गटाच्या रिट्रीटमध्ये ठरलेल्या कार्यक्रमाला यावं अशी अपेक्षा असते. मठांमध्ये दिवसातून अनेकदा प्रार्थना होते, पहिली कधी कधी उजाडायच्या आधी. बेनेडिक्ट यांनी बायबलमधली १५० स्तोत्रं आठवड्याभरात पुरी होतील अशी विभागणी केली होती. आता अनेक संघ ती जास्त दिवसांत पुरी करतात. पहाटे उठणं जमणार नसेल तर सायंप्रार्थना आणि झोपण्यापूर्वीची प्रार्थना या दोन तरी गाठा. रात्रीची प्रार्थना छोटी असते, रोज जवळजवळ तीच असते, आणि नवख्या माणसाला सर्वांत आधी तीच आपली वाटू लागते.

कुठे बसायचं ते विचारा, कारण पुढच्या बाकांवर संघाची मंडळी बसतात. सगळे उभे राहिले की उभे राहा; वाकणं, गुडघे टेकणं तुमच्या मनावर. स्तोत्रं दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणतात आणि प्रत्येक ओळीच्या मध्ये क्षणभर थांबतात. नवीन पाहुण्याचा आवाज नेमका त्या थांब्यात एकटा घुमतो. पहिला दिवस नुसतं ऐकावं.

९. मौन म्हणजे अगदी एक शब्दही नाही?

घरावर आणि रिट्रीटवर अवलंबून. वैयक्तिक मार्गदर्शनाच्या रिट्रीटमध्ये मार्गदर्शकाखेरीज कोणाशीही बोलायचं नसतं. इतर वेळी ठरावीक जागा, म्हणजे चॅपल, व्हरांडे आणि खोल्यांचा मजला, मौनाच्या असतात आणि बोलायला एखादी बैठकीची खोली असते. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मात्र मठात सगळीकडे मौन असतं.

नियम माणसापेक्षा मोठा नाही. रात्रीच्या मौनाचा नियम घालून देणाऱ्या बेनेडिक्ट यांनीच ४२व्या प्रकरणात पाहुण्यांच्या गरजेसाठी बोलायची मोकळीक दिली आहे. रात्री छातीत दुखत असेल, तर मौन मोडू नये म्हणून पडून राहू नका. दार ठोठवा. उलट, कुजबुज म्हणजे मौन हा समज सोडा. रिकाम्या व्हरांड्यात ती साध्या बोलण्याहून लांब जाते.

१०. फोन जमा करावा लागतो का? मला कामाचे मेल पाहावे लागतात.

क्वचित कुठे जमा करतात. बहुतेक ठिकाणी तुमच्यावर सोडलेलं असतं. घरी आजारी माणूस असेल तर घराचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा, निरोप पोचतो. रोज मेल पाहणं अटळ असेल तर मुक्काम पुढे ढकला असंच सुचवेन. दिवसाला दहा मिनिटंच पाहीन म्हणणाऱ्याचं मन उरलेला दिवस त्या दहा मिनिटांभोवती फिरत राहतं.

११. जेवण कसं असतं? पथ्य सांभाळतात का?

साधं असतं, वेळेवर असतं आणि सगळ्यांना एकच असतं. पथ्य, ॲलर्जी, शाकाहार हे नोंदणीतच कळवा. आयत्या वेळी सांगितलेलं पथ्य दहा माणसांच्या स्वयंपाकघराला झेपत नाही. तुमचा स्वतःचा उपवास असेल तर तोही सांगा, म्हणजे ताट वाया जात नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि शुक्रवारी जेवण आणखी साधं असू शकतं.

काही मठांत जेवताना कोणी बोलत नाही आणि एक जण मोठ्याने वाचत असतो. हेही बेनेडिक्ट यांच्या नियमातलं, ३८वं प्रकरण. वाचन धार्मिकच असतं असं नाही. चरित्र किंवा प्रवासवर्णनही असतं. शेजाऱ्याला काय हवं ते न मागता पुढे सरकवायचं असतं, ही सवय दोन जेवणांत लागते. नंतर भांडी विसळायला बहुतेक ठिकाणी पाहुणे उठतात. तुम्हीही उठा.

१२. मिस्साच्या वेळी सगळे रांगेत पुढे जातात. मीही जाऊ का?

कम्युनियन हा येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचा प्रसाद नाही, त्यामुळे थांबून विचार करा. कॅथलिक घरात तो सामान्यतः कॅथलिक व्यक्तींनाच देतात, ऑर्थोडॉक्स मठात ऑर्थोडॉक्स व्यक्तींना. अनेक प्रॉटेस्टंट घरांत बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना बोलावतात. काही ठिकाणी इतरांनी हात छातीवर घडी करून पुढे गेलं तर आशीर्वाद देतात, पण ही रीत सगळीकडे नाही. जागेवर बसून राहिलात तर कोणीही वळून पाहत नाही. चुकून हातात घेतला असेल तर तो खिशात ठेवू नका, फादरांना तिथेच परत द्या.

१३. नवरा-बायकोला एक खोली मिळते का? लहान मुलं? पुरुषांच्या मठात बाई राहू शकते का?

जोडप्यांना अनेक ठिकाणी खोली मिळते, पण दोन सुटे पलंग असले तर नवल मानू नका. गटाच्या मौन-रिट्रीटमध्ये दोघांना वेगळ्या खोल्या घ्यायला सुचवतात. लहान मुलांसाठी वेगळे कौटुंबिक मुक्काम असतील तर तेच घ्या. मौनाच्या घरात मुलाला गप्प ठेवणं हा मुलावरच अन्याय आहे.

पुरुषांच्या मठाच्या अतिथिगृहात स्त्रियांना आणि सिस्टरांच्या घरात पुरुषांना बऱ्याच ठिकाणी प्रवेश असतो, कारण अतिथिगृह हा वेगळा भाग धरतात. अपवाद आधी पाहून घ्या. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या मठांत स्त्रियांना प्रवेशच नाही आणि पुरुषांनाही आधी परवाना काढावा लागतो. एकांतवासी कार्थुसियन संघाचे मठ बाहेरच्यांसाठी रिट्रीट ठेवतच नाहीत.

१४. एका ब्रदरांना मी नमस्कार केला, ते नुसतं हसून निघून गेले. माझं काही चुकलं का?

नाही. बेनेडिक्ट यांच्या नियमात पाहुण्यांशी बोलायचं काम नेमून दिलेल्या माणसांचंच आहे. इतरांनी पाहुणा समोर आला तर नम्रपणे अभिवादन करावं आणि बोलायची परवानगी नाही असं सांगून पुढे जावं, असं त्यात स्पष्ट आहे. सगळे संघ आता इतकं काटेकोर पाळत नाहीत, पण वळण राहिलेलं आहे.

याच कारणाने काही दारांवर 'फक्त संघासाठी' अशी पाटी असते. कॅथलिक धर्मसंघाच्या प्रत्येक घरात काही भाग सदस्यांसाठी राखीव ठेवणं कायद्याने ठरलेलं आहे. पाहुण्यांच्या वर्दळीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांचं तेवढंच खासगी घर असतं. कुतूहल म्हणूनही त्या दारातून डोकावू नका.

१५. मार्गदर्शकाला सांगितलेलं गुप्त राहतं का?

पापनिवेदनात, म्हणजे आपली पापं सांगून क्षमा मागायच्या विधीत, धर्मगुरूला सांगितलेलं पूर्ण गुप्त राहतं. कॅथलिक कायद्यात ते गुपित अभंग आहे आणि ते थेट फोडणाऱ्या धर्मगुरूला बहिष्कृतीची शिक्षा आहे. मार्गदर्शकाशी झालेलं बोलणं हे पापनिवेदन नाही, आणि मार्गदर्शक सिस्टर किंवा प्रशिक्षित गृहस्थही असू शकतात. तेही गोपनीयता पाळतात, पण कोणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका असेल तर त्यांना ते गप्प ठेवता येत नाही. पहिल्याच भेटीत मर्यादा विचारून घ्या. मार्गदर्शकाशी सूर जुळला नाही तर बदलून मागता येतो.

१६. मी नैराश्यावर उपचार घेत आहे. मौन-रिट्रीटने बरं वाटेल का?

लांबलचक मौन हे औषध नाही. दिवसभर कोणाशी न बोलता स्वतःच्या मनासोबत राहिल्याने काहींचा त्रास वाढतो. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या चालू ठेवा आणि नोंदणीत हे लिहा. चांगलं घर यावर तुम्हाला टाळत नाही. मौन कमी असलेला, रोज कोणाशी तरी बोलता येईल असा छोटा मुक्काम सुचवतं. अगदी अलीकडे कोणी जवळचं गेलं असेल, तर त्यालाही हेच लागू. आणि आत्ता जगणंच नकोसं झालं असेल, तर खोलीची वाट पाहू नका. आजच डॉक्टर किंवा घरचं माणूस गाठा.

१७. दोन दिवसांत जीव घाबरला, निघून आले तर वाईट दिसेल का?

दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना निघावंसं वाटतं. पहिल्या दिवशी नुसती झोप येते, दुसऱ्या दिवशी अस्वस्थता. शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या आणि मार्गदर्शकाशी बोला. तरीही जायचं असेल तर जा, फक्त न सांगता जाऊ नका. रिकामी खोली पाहून लोक विहिरीपर्यंत शोधायला धावतात.

१८. तक्रार करावी का? फुकटात राहून तक्रार कशी करायची?

करावी. बेनेडिक्ट यांनी ६१व्या प्रकरणात पाहुणा म्हणून आलेल्या परक्या मठवासीयाबद्दल लिहिलं आहे: त्याने नम्रपणे काही दोष दाखवला तर मठाधिपतींनी विचार करावा, कदाचित देवाने त्याला त्यासाठीच पाठवलं असेल. गळका नळ, निसरडी पायरी, शिळं अन्न हे त्याच दिवशी सांगा. कोणी अंगचटीला आलं, बंद खोलीत एकटं भेटायचा आग्रह धरला किंवा पैशांचा दबाव आणला, तर ती साधी तक्रार नव्हे. लगेच निघा, संघाच्या वरिष्ठांना लेखी कळवा आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जा. नम्रतेचा नियम इथे लागू नाही.

१९. निघताना काय करायचं?

चादरी काढून घडी घाला, किंवा पुढच्या पाहुण्यासाठी नव्या अंथरा. दाराच्या आतल्या बाजूला सूचना लावलेली असते. किल्ली परत करा. दरवर्षी काही किल्ल्या पाहुण्यांच्या खिशातून घरी जातात आणि टपालाने परत येतात. ब्रदर-सिस्टरांच्या हातात वैयक्तिक बक्षीस देऊ नका. व्रतामुळे ते स्वतःसाठी ठेवता येत नाही, त्यामुळे काय द्यायचं ते पाकिटात टाका (प्रश्न ६).